झाडापर्यंतची अकरा पावलं

आमचे हे मोजणीदार होते. जमिनी मोजणं हा धंदा, पण जमिनीवर यांचं भागत नसे. मला बघायला आले तेव्हा फाटकापासून बैठकीपर्यंत किती पावलं होतात ते यांनी आधी मोजलं आणि मग मला पाहिलं. मी कोणत्या रंगाची साडी नेसले होते ते यांना दुसऱ्या दिवशीसुद्धा सांगता आलं नाही, पण सतरा पावलं मरेपर्यंत लक्षात होती. यांचं पाऊल अडीच फुटांचं. ना कमी ना जास्त. भरल्या पोटी अडीच, उपाशी पोटी अडीच. भांडण करून घराबाहेर पडले तरी अडीचच.

मी शाळेत शिवण शिकवायची. म्हणजे दोघंही मापाचीच माणसं, पण मी शिवणीत दोन बोटं माया ठेवणारी आणि हे रेघेवर रेघ ठेवणारे. आमचं कसं जमलं याचं लोकांना नवल वाटे. मलाही वाटे, विशेषतः महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, घरखर्चाचे पैसे मोजून हातात पडले की.

असा माणूस मृत्युपत्र न करता गेला. उभा जन्म दुसऱ्यांच्या वाटण्या मोजण्यात घालवला. सख्खे भाऊ हद्दीच्या दगडावरून एकमेकांच्या उरावर बसलेले पाहिले. घरी येऊन म्हणायचे, "बापाने दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" मी म्हणायची, "मग तुम्ही लिहा की." यावर उत्तर ठरलेलं. "मी कुठे म्हातारा झालोय?" एकाहत्तराव्या वर्षी, सकाळी फिरायला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता गेले. एका बुटाची बांधून झाली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय म्हणायचं.

राहतं घर माझ्या नावावर होतं, त्यामुळे इथे काही अडलं नाही. अडलं ते समुद्रापलीकडच्या जागेपाशी.

लग्नानंतरची पहिली पाच वर्षं आम्ही परमुलखात होतो. तिथे नवे रस्ते होत होते आणि यांच्या कंपनीने यांना साखळी आणि दुर्बिणीसकट तिकडे धाडलं होतं. एका खोलीत राहायचो. शेजारी कोण काय बोलतंय ते कळायचं नाही, आणि कळायचं नाही म्हणूनच बरं चाललं होतं. दुसऱ्या वर्षी यांनी गावाबाहेर एक लांबोळकी जागा घेतली. पुढे रस्ता, मागे गवत, आणि मागच्या टोकाला एक मोठं झाड. कसलं ते आजही मला ठाऊक नाही. पानं जाड होती आणि सावली दाट होती, एवढं मला पुरे होतं.

घर बांधायला पैसा नव्हता. म्हणून यांनी घर आखलं. एका रविवारी पिशवीतून चुन्याची फक्की आणली आणि जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या. ही ओसरी, ही पुढची खोली, ही झोपायची, हे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आधी रस्त्याच्या बाजूला आखत होते. मी म्हटलं, "मला खिडकीत झाड हवंय. चुलीपाशी उभी राहून मी काय जाणारी-येणारी वाहनं मोजू? ते तुमचं काम." यांनी फक्कीची पिशवी खाली ठेवली. झाडाकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. मग गुडघ्यावर बसून सगळं घर पुसलं आणि झाडाच्या बुंध्यापाशी नव्याने आखलं.

त्यानंतर साडेतीन वर्षं, दर रविवारी आम्ही त्या घरात राहायला जायचो. बसने जायचो, डबा न्यायचो, स्वयंपाकघरात बसून जेवायचो. पावसाने रेघा धुऊन गेल्या की हे पुन्हा मारायचे. मी एकदा विसरून ओसरीतून थेट स्वयंपाकघरात शिरले, तर हे ओरडले, "अगं, भिंतीतून काय येतेस? दारातून ये!" मी हातात डबा घेऊन मुकाट मागे गेले आणि सगळी पुढची खोली ओलांडून दारातून आले. पुढे तो नियमच झाला. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची. दोन शहाणीसुरती माणसं मोकळ्या माळावर वळणं घेत चालताहेत! त्यांना काय वाटत असेल याचा विचार करून मी झोपायच्या खोलीत जाऊन हसायची, कारण पुढच्या खोलीतून आम्ही दिसत होतो.

मग सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि आम्ही परत आलो. परत जायचं राहून गेलं. मूल झालं नाही, घर बांधलं नाही. हे दर वर्षी जागेचा कर टपालाने धाडत राहिले. मी कधी म्हटलं, "विकून टाका आता," तर म्हणायचे, "तुझं स्वयंपाकघर विकू?" आणि विषय संपायचा.

हे गेल्यावर चार महिन्यांनी तिकडच्या वकिलाचं पत्र आलं. ते आमच्या गल्लीतल्या वकीलबाईंनी मला वाचून दाखवलं. वकीलबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, पण बोलणं तोलूनमापून.

"काकू, जमीन जिथे असते तिथला कायदा चालतो. मृत्युपत्र नाही आणि मूलबाळ नाही, तर तिथे अर्धी जागा बायकोची आणि अर्धी सख्ख्या भावंडांची."

"भावंडांची? भाऊ कुठून आला मध्येच?"

"काकांना भाऊ आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. "असून नसल्यासारखे."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली तर सगळी जागा तुमची. नाहीतर वर्षअखेरीला कोर्ट ती विकेल आणि पैसे दोघांत वाटेल. मागचा शेजारी टपलेलाच आहे. त्याच्या जमिनीला रस्ता नाही, म्हणून बाजूने एक पट्टी तरी द्या असं त्याचं म्हणणं आहे."

मला पैसे नको होते. मला तिथे एकदा जाऊन माझ्या स्वयंपाकघरात उभं राहायचं होतं. चौसष्टाव्या वर्षी माणसाला अशी इच्छा होऊ नये, पण झाली त्याला काय करू?

पत्रासोबत जागेचा नवा नकाशा होता. तो पाहून माझ्या नाकावरचा राग जागा झाला. नकाशात झाडच नव्हतं. मी वकीलबाईंकडून खरमरीत पत्र लिहवून घेतलं, की तुम्ही भलत्याच कुणाची जागा माझ्या गळ्यात मारताय. महिन्याभराने उत्तर आलं आणि सोबत फोटो. झाड होतं. चांगलं फोफावलं होतं. फक्त ते आमच्या जागेत नव्हतं, मागच्या शेजाऱ्याच्या जागेत होतं. पहिल्यापासून.

मोजणीदाराची चूक? शक्यच नाही. मी माळ्यावरची ट्रंक काढली. यांच्या मोजणीच्या वह्या तिच्यात वर्षावार बांधून ठेवलेल्या होत्या. यांची एक शिस्त होती. दिवसभराचं मोजमाप झालं की पानाच्या तळाशी दोन शब्द लिहायचे, 'चूक' आणि 'दुरुस्ती'. प्रत्येक मोजमाप दोनदा घ्यायचं आणि दोहोंत जो फरक येईल तो तिथे मांडायचा. 'चूक: दोन बोटं. दुरुस्ती: उद्या.' बहुतेक ठिकाणी 'चूक: नाही'. त्या रविवारचं पान मला सापडलं. वर आमच्या घराची आकृती होती. तळाशी लिहिलं होतं:

'चूक: अकरा पावलं. दुरुस्ती: करायची नाही. हिला सांगायचं नाही.'

मी माळ्याच्या शिडीवरच बसले. पुढची खोली आणि ओसरी आमच्या हद्दीत होती. झोपायची खोली अर्धी आत, अर्धी बाहेर. स्वयंपाकघर सबंध दुसऱ्याच्या जमिनीत. साडेतीन वर्षं हा माणूस माझ्याशेजारी बसून परक्याच्या जागेत जेवला आणि चकार शब्द बोलला नाही. मला खूप रडू आलं, आणि खूप रागही आला, आणि दोन्ही करायला समोर कुणी नव्हतं.

आता भाऊजींबद्दल सांगायला हवं. भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, सुतार. त्यांनी कारखाना बांधला तेव्हा शेजाऱ्याने तक्रार केली की भिंत माझ्या जागेत आली आहे. भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले, "माझा भाऊच मोजू दे. तो म्हणेल ते मला कबूल." शेजाऱ्यालाही यांची ख्याती माहीत, त्यानेही मान डोलावली. यांनी मोजलं. भिंत दीड फूट शेजाऱ्याच्या जागेत होती. हे तसंच म्हणाले. भिंत पाडावी लागली. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, ते बावीस वर्षं. "सख्ख्या भावासाठी दीड फूट नाही सरकला," असं भाऊजी गावभर सांगत राहिले, आणि हे कुणालाच काही सांगत नसत. हे गेले त्या दिवशी भाऊजी आले होते, पण पलीकडच्या फुटपाथवर उभे राहिले. सगळे पांगल्यावर निघून गेले.

आता त्याच माणसाची सही हवी होती. वकीलबाईंनी बजावलं, "काकू, फक्त सहीचं बोला. ते अकरा पावलांचं काढू नका. भावासाठी दीड फूट नाही आणि बायकोसाठी अकरा पावलं म्हटल्यावर आगीत तेलच."

त्यांचं खरं होतं. पण जाण्याआधी मी ट्रंकेतली आणखी एक वही काढली. भिंत मोजली त्या वर्षाची. ते पान वाचलं आणि तीही वही पिशवीत टाकली. झाडाची वही पिशवीत होतीच. सापडल्यापासून मी ती बाहेर काढलीच नव्हती.

कारखान्यात गेले तेव्हा भाऊजी एका फळीवर रंधा मारत होते. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. बावीस वर्षांत डोकं सगळं पांढरं झालं होतं, का तोही भुसाच होता, कुणास ठाऊक. मोठं मशीन कोपऱ्यात तिरकं उभं होतं. भिंत दीड फूट आत आल्यावर ते सरळ मावत नव्हतं.

"या वहिनी," ते म्हणाले. एवढंच. मग आत वळून जाऊबाईंना हाक मारली, "चहा टाक."

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी जागेचा नकाशा आणि त्यावर हक्कसोडपत्राचा कागद समोर ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"मी हक्क का सोडू?"

"तुम्हाला ती जागा ठाऊक तरी होती का?"

"नव्हती. पण आता आहे ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही या वयात काय करणार तिचं?"

"उभी राहणार आहे."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात."

मग सांगणं आलंच. रस्त्यासाठी पट्टी मागणारा मागचा शेजारी, फक्कीचं घर, रविवार, डबा, भिंतीतून न जाण्याचा नियम. सांगता सांगता मी पाहिलं, भाऊजींच्या मिशीखाली हसू येत होतं. "दादा असाच," ते म्हणाले. बावीस वर्षांनी मी त्यांच्या तोंडून 'दादा' ऐकलं. "लहानपणी अंगणात क्रिकेट खेळताना खेळपट्टी मोजायचा. डाव सुरू होईपर्यंत अंधार पडायचा." त्यांनी नकाशा पुढे ओढला. सुतारच तो, आकृती दिसली की हात शिवशिवणार. "दाखवा बरं, स्वयंपाकघर कुठे?"

मी बोट ठेवायला गेले. ओसरी ठेवली, पुढची खोली ठेवली, आणि बोट आपोआप मागच्या रेघेपलीकडे कोऱ्या कागदावर गेलं.

"वहिनी, बोट हद्दीबाहेर गेलं."

मला खोटं बोलता आलं असतं. म्हातारीचा हात थरथरला म्हटलं असतं, तर त्यांनी मानलंही असतं आणि सही झाली असती. पण ज्या माणसाने वहीत जन्मात कधी खोटी रेघ मारली नाही त्याच्या नावावर मी खोटं बोलून जागा घेऊ? मी पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून दिलं.

भाऊजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही फळीवर ठेवली.

"साडेसत्तावीस फूट," ते म्हणाले. "माझ्यासाठी दीड फूट नाही. आणि तुमच्यासाठी साडेसत्तावीस फूट. म्हणजे सरकवता येत होती त्याला. फक्त माझ्यासाठी येत नव्हती."

"भाऊजी, ती फक्कीची भिंत होती. एका पावसात जायची. त्यात कुणाचं काय गेलं?"

"माझं गेलं!" त्यांचा आवाज चढला. "सगळ्या गल्लीसमोर मोजत होता. एकदा मोजून भागलं नाही त्याचं. फेऱ्या मारत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सकाळपासून दुपारपर्यंत. लोक खिडक्यांतून बघत होते. सख्ख्या भावाची चोरी सगळ्यांना नीट दिसावी म्हणून!"

इथे माझंही डोकं फिरलं. मी दुसरी वही काढून त्यांच्या पुढ्यात आपटली. "वाचा. मोठ्याने वाचा."

भाऊजींनी पान डोळ्यांजवळ नेलं. "चूक: नाही," ते वाचू लागले. "सात वेळा मोजलं. सातही वेळा दीड फूटच आलं."

आत चहाचं भांडं वाजलं.

"दोनदाच मोजायचा ना तो?" भाऊजींनी विचारलं.

"दोनदाच. माझ्या देखत चाळीस वर्षं, दोनदाच."

"सात वेळा..." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. "तो दीड फूट शोधत होता, वहिनी. माझ्यासाठी शोधत होता आणि सापडत नव्हता. आणि मी गाढव, मला वाटलं..." मला यांचा एवढा राग आला! एक वाक्य भावाला सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? पण वहीत लिहिलं की सांगून झालं, असा यांचा समज होता. बायकोला नाही, भावाला नाही, सगळं मेलं वहीला.

थोड्या वेळाने भाऊजींनी हक्कसोडपत्राची घडी घातली आणि मला परत दिलं. "मी सही करणार नाही."

"म्हणजे एवढं सगळं होऊनसुद्धा? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा!"

"ऐका तरी. मी सही केली तर जागा तुमची होईल आणि झाड शेजाऱ्याचंच राहील. त्याला रस्त्यापर्यंत पट्टी हवीय म्हणता ना?" कानावरची पेन्सिल हातात आली. नकाशावर त्यांनी एक उभी रेघ ओढली. "झाडाच्या बाजूचा अर्धा भाग तुमचा. हा दुसरा अर्धा माझा, तो दादाच्या घरासाठी मला माझ्या हाताने द्यायचाय. माझा त्याला देऊन टाका, रस्ताच काय, बाग करू दे त्याला. आणि त्याच्या बदल्यात तुमच्या मागची अकरा पावलं घ्या. झाडासकट." पेन्सिल हद्दीबाहेरच्या कोऱ्या कागदावर गेली आणि तिथे एक चौकोन झाला. "दुरुस्ती करायची नाही असं दादा लिहून गेलाय. मग चूक राहू दे जागेवर. हद्द सरकवू."

मी वाद न घालता मान डोलावली. माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

"पण आधी घर मावतंय का ते बघू," भाऊजी म्हणाले. ते तिरक्या मशीनमागे गेले आणि एक काठी घेऊन आले. जुनी, घासून गुळगुळीत झालेली, अडीच फुटांची. "कारखाना काढला तेव्हा दादाने कापून दिली होती. स्वतःचं पाऊल. बोलणं बंद केलं, पण काठी टाकवली नाही. दुसऱ्या मापावर माझा भरवसाच बसत नाही."

खुर्च्या बाजूला सारल्या, भुसा झाडला, आणि वहीतलं पान बघून भाऊजींनी खडूने जमिनीवर घर आखायला घेतलं. मी काठी धरत होते, ते रेघ मारत होते. ओसरी दारात आली, पुढची खोली फळ्यांपाशी. स्वयंपाकघर तिरक्या मशीनला वळसा घालून पार मागच्या भिंतीला टेकलं. शेवटच्या, अकराव्या पावलाला त्यांनी एक गोल काढला. "झाड," ते म्हणाले. मी चपला बाहेर काढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. खिडकी जिथे होती तिकडे तोंड करून. अडतीस वर्षांनी.

तेवढ्यात जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. आम्हा दोघांना असं खडूच्या रेघांत उभं पाहून थबकल्या, आणि मग सरळ माझ्याकडे येऊ लागल्या.

"अगं, अगं, भिंतीतून काय येतेस?" भाऊजी ओरडले. "दारातून ये!"